फाळक्यावरची ओळ

देवळीच्या बस स्टँडवरून सुटणारी निम्मी वाहनं बायकोची टिंगल करत गावाबाहेर पडायची, आणि ती टिंगल लिहिणारी कुणाची तरी बायकोच होती, ही गोष्ट सात वर्षं गावाला कळली नाही. तशी गावाला सगळ्याची खबर असते. कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते चार घरं पलीकडे माहीत असतं. पण जे रोज डोळ्यांसमोर चिकटवलेलं आहे ते लिहिलं कुणी, हे विचारायचं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुकानावर पाटी होती 'धनंजय रेडियम आर्ट'. बाहेर स्टुलावर धनंजय बसायचा. गाडीला पट्टी लावून माप घ्यायचा, रंग दाखवायचा, गिऱ्हाइकाला चहा पाजून गप्पांत गुंतवायचा. मागच्या अर्ध्या खोलीत, फुलाफुलांच्या पडद्याआड, त्याची बायको वर्षाली मांडी घालून रेडियमची शीट कापायची. शीट कापली जावी पण तिच्याखालचा कागद कापला जाऊ नये, एवढाच जोर ब्लेडवर द्यायचा असतो. धनंजयच्या हाताला तो कधी जमला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने दोन शीटा आणि स्वतःचं एक बोट कापून घेतलं, तेव्हापासून ब्लेड वर्षालीकडे आलं. हे कुणाला सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. सांगितलं नाही, एवढंच.

शब्दही तिचेच. ट्रॅक्टरवाले, काळीपिवळीवाले यायचे आणि म्हणायचे, "धनंजयभाऊ, मांगं काईतरी झकास टाकून दे. वाचनारा हसला पायजे." धनंजय डोकं खाजवत बसायचा. एकदा त्याला काहीच सुचेना, तेव्हा वर्षालीने पडद्याआडून हळूच एक ओळ सांगितली. धनंजयने ती आपली म्हणून ऐकवली आणि गिऱ्हाईक मांडीवर थाप मारून हसलं. तिथून सुरू झालं. बायकोचं तोंड, बायकोचं माहेर, बायकोचा मेकअप, बायकोचं वजन. विषय चार, पण वर्षालीच्या हाती ते चाळीस व्हायचे. तिची आई लग्नात व्याह्यांवर शिव्यांची गाणी रचायची आणि भलेभले वऱ्हाडी मान खाली घालायचे. ती जीभ लेकीकडे आली होती. फक्त लग्नात ती मांडवापुरती असते, इथे ती गाडीला चिकटून हिंगणघाटपर्यंत जायची.

तिच्या सगळ्या ओळींत गाजली ती प्रभाकररावांच्या ट्रॅक्टरच्या ट्रालीवरची. प्रभाकरराव म्हणजे कापसाचे व्यापारी, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आणि धनंजयच्या दुकानाचा गाळा ज्यांचा होता ते मालक. त्यांची ट्राली लालभडक, आणि तिच्या मागच्या फाळक्यावर मुठीएवढ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

माल जड, पण घरवालीपेक्षा हलका

दोन वर्षं ही ओळ देवळी-वर्धा रस्त्यावर हिंडत होती. मागून येणारे एसटीचे ड्रायव्हर ती वाचून हॉर्न द्यायचे. प्रभाकरराव चारचौघांत म्हणायचे, "खरं तेच लिवलं बाप्पा," आणि चारचौघे हसायचे.

मग संक्रांतीनंतर एक दिवस प्रभाकररावांच्या बायको, शकुंतलाबाई, दुकानात आल्या. धनंजय शीटा आणायला वर्ध्याला गेला होता. बाईमाणूस म्हणून त्या सरळ पडदा सारून आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बसताना त्यांना वेळ लागला. घराच्या दारावर नावाची पाटी करायची होती, नवऱ्याच्या नावाची. अक्षरं कोणत्या रंगाची चांगली दिसतील ते त्यांनी विचारलं, वर्षालीने सांगितलं, काम तेवढंच होतं. पण त्या उठल्या नाहीत.

"ते ट्रालीवरचं तुह्या नवऱ्यानं लिवलं ना वं?"

वर्षालीने शीटवरची नजर काढली नाही. "हाव," ती म्हणाली.

"डोकं आहे त्याले," शकुंतलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच वर्षालीला जड गेलं. "मी ट्रालीत बसत नाई आता. वावरात पायीच जातो. बसलो का मजूर बाया मांगच्या फाळक्याकडे पाहातात अन् तोंडाले पदर लावतात. त्यायचं तरी काय चुकलं? लिवूनच ठेवलं आहे."

वावर तीन किलोमीटरवर. जायचे तीन, यायचे तीन. शकुंतलाबाई पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि गेल्या. वर्षालीने त्या दिवशी प्रभाकररावांच्या नावातला 'भ' तीनदा कापला आणि तिन्ही वेळा बिघडवला.

तेव्हापासून तिचं बूड जमिनीला टेकेना. दोन अक्षरं कापली की उठायची. बाहेर जाऊन उभी राहायची, स्टँडच्या बाजूला बघायची, पुन्हा आत यायची, ब्लेड हातात घ्यायची, खाली ठेवायची. आजवर ती गाड्या बघायची ती आपलं अक्षर नीट बसलंय का, कोपरा सुटला का, यासाठी. आता ती गाडीत बसलेल्या बाईकडे बघायला लागली. काळीपिवळीच्या काचेवर 'बायको बोलते, म्हणून हॉर्न लागत नाही' असं लिहिलेलं, आणि आत ड्रायव्हरशेजारी त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसलेली. तिला वाचता येतं की नाही कुणास ठाऊक. येत नसलं तर बरं, असं वर्षालीला वाटायचं आणि मग असं वाटल्याची लाज वाटायची. धनंजयने एकदा विचारलं, "का झालं तुले? पायाले चाकं लागले का?" ती म्हणाली, काही नाही. खरंच, काय सांगणार होती? स्वतःच लिहिलेलं स्वतःलाच बोचतंय म्हणून?

अशात रीता आली. ही सावंगीच्या दवाखान्यात नर्स, रोज देवळीहून लुनावर जायची-यायची. लुना जुनी, तिचा आवाज आधी आणि ती मागून. रीताने लुना दुकानासमोर लावली आणि धनंजयला म्हणाली, "भाऊ, मले बी एक ओळ टाकून द्या. सबंद रस्ताभर बायकायवरच वाचत जातो मी. मले नवऱ्यावर पायजे."

धनंजय हसला. "नवऱ्यावर काय राह्यते लिवाले?"

"ते तुमी पाहा. दुकान तुमचं आहे."

पडद्याआड वर्षालीचं ब्लेड थांबलं होतं. तिला ओळ शोधावी लागलीच नाही. कितीतरी दिवस दाराशी उभी असावी तशी ती आली. संध्याकाळी रीता सावंगीहून परतली तेव्हा लुनाच्या नंबर प्लेटखालच्या पत्र्यावर वर्षालीने कापलेली पांढरी अक्षरं धनंजयने चिकटवली:

पिते, पण नवऱ्यापेक्षा कमी

लुना पिते ते पेट्रोल; नवरा काय पितो ते लिहायची गरज नव्हती. आता वर्धा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. बंदी येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. कागदावर जिल्ह्यात थेंब नव्हता आणि संध्याकाळी नाल्याच्या बाजूला गेलं की नाक दाबून चालावं लागायचं. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणी न बोलायची गोष्ट लुनाच्या पाठीवर बसून सावंगीला निघाली.

पहिले दोन दिवस मजेत गेले. भाजीवाल्या बायांनी रीताला थांबवून ती ओळ वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली. तिचा नवरा आंजीला शाळेत मास्तर, सुपारीपलीकडे व्यसन नाही. शनिवारी तो घरी आला, ओळ वाचून पोट धरून हसला आणि अक्षरं चमकावीत म्हणून त्याने स्वतः लुना धुतली. ज्याच्या बायकोने लावली तो हसला. चिडले ते बाकीचे. जे प्यायचे त्यांना वाटलं आपल्यावरच आहे. जे पीत नव्हते त्यांना वाटलं आपल्यालाही उगाच त्यात ओढलं. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी रीताच्या लुनासमोर आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उतरवा ते." चौथ्या दिवशी प्रभाकरराव दोन व्यापाऱ्यांना घेऊन दुकानात आले.

"धनंजय," ते स्टुलावर बसत म्हणाले, "हे काय लिवून राह्यला तू आजकाल?"

"मजाक होती काकाजी."

"मजाक मले बी समजते. माह्या ट्रालीवर आहेच ना. पन मजाकीले काई मर्यादा राह्यते का नाई? दारूबंदीचा जिल्हा आहे हा. भाईरच्या मानसानं वाचलं तं काय म्हनंन? का देवळीचे सारे मानसं बेवडे?"

पडद्याआड वर्षालीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तुमची ट्राली वाचून देवळीच्या बायांना काय म्हणतात, ते विचारलं का कधी? तिने ते गिळलं. गिळायची सवय तिला होती, पण या वेळी ते खाली उतरेना.

"बाजाराच्या दिवशी," प्रभाकरराव उठत म्हणाले, "चौकात, सगळ्यायसमोर तू आपल्या हातानं ते काढजो. नाई तं गाळा दुसऱ्याले देतो. मांगनारे लय आहेत."

"काढतो काकाजी," धनंजय लगेच म्हणाला. इतक्या लगेच की वर्षालीला राग त्या शब्दांपेक्षा त्या घाईचा आला.

ते गेल्यावर ती बाहेर आली. "काकाजीच्या ट्रालीवरचं चालते, अन् हे नाई चालत?"

"ते मजाक आहे वर्षाली."

"अन् हे काय आहे?"

धनंजयने स्टूल आत ओढलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि खोटं बोलायची त्याला घाई असली तरी सवय नव्हती. "हे आपल्यावर आहे ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई आली. हिने दहा वर्षांपूर्वी बायांचा मोर्चा काढून नाल्यावरच्या भट्ट्या फोडल्या होत्या. तिला पाहून पोलीससुद्धा खुर्चीतून उठायचे. वर्षालीला वाटलं, चला, एक तरी आपल्या बाजूची आली. कमलाबाई आत आली, बसली नाही.

"ते लुनावरचं काढून टाका," ती म्हणाली. "दारू काई हसाची गोष्ट नाई. माहा मानूस गेला तिच्यात. लोकं वाचून दात काढतात, माह्यानं पाह्यल्या जात नाई."

वर्षालीला हे सुचलंच नव्हतं. ओळ कापताना तिच्या मनात नवरे होते. कमलाबाईचा गेलेला नवरा नव्हता. तोंडाला आलं ते तिने विचारलं, "मावशी, ट्रालीवरचं वाचलं तुमी कधी?"

"वाचलं. हसलो बी." कमलाबाई थांबली. पडद्याच्या फुलांकडे बघत राहिली, मग पायातली चप्पल सरकवत म्हणाली, "ते अलग आहे." पण तेवढं बोलायला तिला वेळ लागला आणि ती वर्षालीकडे न बघता निघून गेली.

बाजाराला तीन दिवस होते. ते तीन दिवस वर्षालीने जेवण करपवलं, ब्लेडचं पाकीट हरवलं, सापडलेलं पुन्हा हरवलं. ओळ निघेल याचं दुःख तिला फारसं नव्हतं. कमलाबाईनंतर तर नव्हतंच. ती लुनावर लिहायला बसली होती कारण तिला ट्रालीवरचं परत घ्यायचं होतं, आणि ते कसं घ्यायचं हे ठाऊक नव्हतं म्हणून तिने दुसरीकडे हात घातला होता. आता लुना मोकळी होणार आणि ट्राली तशीच हिंडणार. शकुंतलाबाई तशाच पायी जाणार. हा विचार डोक्यात आला की ती उठून उभी राहायची, आणि उभं राहून काय करायचं ते कळत नसल्यामुळे पुन्हा बसायची.

बाजाराच्या दिवशी चौक फुलला होता. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या गाड्या, काकडीवाल्या बायांची रांग. प्रभाकरराव ट्रॅक्टर घेऊनच आले होते. कापूस उतरवून रिकामी ट्राली चौकावरच्याच धनंजयच्या दुकानासमोर उभी केली होती आणि तिच्या सावलीत व्यापारी मंडळातली चार माणसं उभी होती. रीता लुना ढकलत आली. ती चिडलेली होती, पण तिला उद्या ड्युटीवर जायचं होतं आणि रोज कुणीतरी आडवं येण्याला ती कंटाळली होती. "काढा भाऊ," ती म्हणाली, "पन पत्रा खराब करजा नका."

धनंजय उकिडवा बसला आणि कोरडं ब्लेड घेऊन 'पि' खरवडायला लागला. लोक जमले. त्याने ब्लेड उभं धरलं होतं. अक्षर निघालं नाही, पत्र्यावर मात्र ओरखडा उमटला.

"अहो भाऊ," रीता म्हणाली, "पत्रा चालला माहा."

"निघते, निघते." दुसरा ओरखडा उमटला. धनंजयच्या मानेवर घाम आला. त्याने मान वळवून दुकानाच्या आत, पडद्याकडे पाहिलं, आणि ते बघणं चौकातल्या शंभर माणसांनी पाहिलं.

वर्षाली बाहेर आली. तिच्या हातात गरम पाण्याची बादली होती, खांद्यावर फडकं. तिने धनंजयला बाजूला हो म्हटलंसुद्धा नाही, तोच सरकला. तिने फडकं पाण्यात बुडवून अक्षरांवर दाबून धरलं, मनाशी काहीतरी मोजलं, मग ब्लेड आडवं करून एका कोपऱ्याखाली सरकवलं. 'पि' अख्खा सुटून आला. मग 'ते'. एकेक अक्षर काढून ती सवयीने आपल्या मनगटावर चिकटवत गेली. दोन मिनिटांत पत्रा स्वच्छ झाला, ओळ होती की नव्हती असा. धनंजयचे दोन ओरखडे तेवढे राहिले.

"वा," प्रभाकरराव म्हणाले. "नवऱ्यापेक्षा बाई कामाची निघाली." सगळे हसले. गाळा वाचला होता, तंटा मिटला होता, लोक पांगायला लागले होते.

वर्षालीने बादली उचलली आणि ट्रालीच्या मागे गेली. फडकं बुडवून 'माल'वर दाबलं.

"ते काऊन?" प्रभाकररावांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"हे बी माह्यंच आहे काकाजी."

"तुह्यं कसं? तुह्या नवऱ्यानं केलं ते."

"त्यायनं चिकटवलं. लिवलं मी, कापलं मी." तिने फडकं तसंच दाबून धरलं होतं. "स्टँडवर जे जे हसाचं आहे ना, ते सारं मीच लिवलं. सात वर्षं झाले."

प्रभाकररावांनी धनंजयकडे पाहिलं. "खरं का रे?"

धनंजयला नाही म्हणता आलं असतं. त्याची इज्जत, पाटीवरचं नाव, सगळं त्या एका 'नाही'त होतं. तो पायांकडे बघत म्हणाला, "खरं आहे काकाजी. मले तं ब्लेड बी धरता येत नाई. पाह्यलंच तुमी." सात वर्षांत वर्षालीला तो कधी इतका जवळचा वाटला नव्हता. पण तेव्हा तिला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती.

प्रभाकररावांना राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हनजे बाईवरचं बाईनंच लिवलं," ते माणसांकडे वळून म्हणाले. "अन् बोल आमाले लागून राह्यला होता." माणसं पुन्हा हसली, या वेळी जरा जास्तच मोकळेपणाने. "खरवड बाई, खरवड. तुह्यंच आहे तं घेऊन जा."

खरं होतं ते. तिने फडकं दाबलं, ब्लेड आडवं घातलं. पण लुनाचं रेडियम आठवड्याचं होतं आणि हे दोन उन्हाळे खाल्लेलं. गोंद पत्र्यात शिरला होता. अक्षर सुटून येईना, त्याचा नखाएवढा तुकडा यायचा आणि बाकीचं तिथेच. तिने पाणी बदलून आणलं. मग स्टोव्हमधलं मातीचं तेल आणलं. गुडघे टेकून ती घासत राहिली. लोक गेले, आले, काही थांबून राहिले. रीताने लुना भिंतीला टेकवून दुसरं फडकं घेतलं आणि न बोलता शेवटच्या शब्दाकडून सुरुवात केली. अर्ध्यापाऊण तासाने शेवटचा पिवळा कण निघाला. वर्षालीची नखं सोलून निघाली होती. तिने फडक्याने फाळका कोरडा पुसला आणि दोन पावलं मागे आली.

ट्रालीचा लाल रंग दोन वर्षांच्या उन्हाने विटून विटेसारखा झाला होता. जिथे अक्षरं होती तिथे ऊन पोचलं नव्हतं. तिथला रंग नव्याचा नवा होता, लालभडक. पिवळं निघालं आणि त्या जागी तीच ओळ लाल अक्षरांत उभी होती, एक काना कमी नाही, एक मात्रा कमी नाही. आधी ती चिकटवलेली दिसायची. आता ती ट्रालीतच उगवल्यासारखी दिसत होती.

कुणीतरी मोठ्याने वाचली. हसू आलं ते दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं होतं तसंच.

"राहू दे आता," प्रभाकरराव म्हणाले. "निघत नाई ते. रंग देऊ दिवाळीले."

वर्षालीने मातीच्या तेलाचं फडकं पुन्हा उचललं आणि फाळक्यावर घासलं. ओला झाल्यावर लाल आणखी गडद झाला, अक्षरं आणखी ठळक. तिने हात खाली घेतला.

तेव्हा तिला शकुंतलाबाई दिसल्या. गर्दीच्या कडेला, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. लोकांनी त्यांना पाहिलं आणि हसू जरा आवरलं, जरा आवरलं नाही. शकुंतलाबाईंनी फाळक्याकडे पाहिलं, मग वर्षालीच्या हाताकडे.

"निघत नाई का?"

"नाई काकू. ऊन खाल्लं आहे त्यानं."

"तू लिवलं होतं?"

"हाव काकू." वर्षालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडलं, पण शकुंतलाबाईंनी हात जरासा वर केला. त्यांना माफी नको होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी अगदी हळू विचारली, भाजीचा भाव विचारावा तशी.

"लिवतानी हसली होती का तू?"

खोटं बोलता आलं असतं. कोण पाहायला आलं होतं पडद्याआड? पण नवरा नुकताच शंभर माणसांसमोर खरं बोलला होता, आणि एकदा या बाईशी ती खोटं बोलून चुकली होती.

"हाव काकू," वर्षाली म्हणाली. "लय हसलो होतो."

शकुंतलाबाईंनी मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पायीच वावराच्या रस्त्याला लागल्या. थोड्या वेळाने प्रभाकररावांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि रिकामी ट्राली त्याच रस्त्याने त्यांच्या मागून गेली.